मण्यारीण जिथं गात नसे

"हात मेल्यावानी सोडा, बाय."

आमच्या पेठेतल्या कुठल्याही बाईचं मनगट हातात घेतलं की मण्यारीण पहिल्यांदा हे म्हणायची. नव्या नवरीला हेच आणि चार लेकरांच्या आईलाही हेच. चुडा भरताना असला अभद्र शब्द काढते म्हणून म्हाताऱ्या तिच्यावर ओरडत. ती मान हलवून "चुकलं, चुकलं" म्हणायची आणि पुढच्या बाईचा हात घेतला की पुन्हा तेच.

जुन्नरच्या रविवारच्या बाजारात बांगडीवाले तिघे-चौघे बसत. बाकीचे हाताला तेल लावत, साबण लावत, पंजा दाबून लालेलाल करत. ही काहीही लावत नसे. मांडी घालून बसायची, समोरच्या बाईचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायची, माळेतून बांगड्या सोडवायची आणि गायला लागायची.

सुरुवातीला ते गाणं वाटतच नसे. धार काढताना गाईला गोंजारावं तसं घशातल्या घशात काहीतरी चालायचं. मग शब्द यायचे. जात्यावरच्या ओव्यांच्या चालीचे, पण तिचे स्वतःचे. त्यातली एक मला अजून येते:

चढ गं काचे चढ, हाड नको गं मोजूस,
माझ्या लेकीच्या हाताला तिचं वय नको पुसूस.

आवाज जाडसर होता, गोड मुळीच नाही. पण तो कानात पडला की बाईचे आधी खांदे उतरत, मग कोपर, शेवटी पंजा. डोळे भरून येत. तेवढ्यात मण्यारणीने सव्वादोनच्या मापाची बांगडी अडीचच्या हातावरून सरकवलेली असायची. पोटातून रडणाऱ्या माणसाला मूठ वळता येत नाही. खोटं वाटत असेल तर तुम्ही करून पाहा. तिच्या धंद्याची सगळी करामत एवढीच होती.

मी रडणारी बाई नव्हे. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी मला लिहायला शिकवलं, आणि सासरी भुसाराचं दुकान, त्यामुळे कोऱ्या कागदाला तोटा नव्हता. पेठेत कुणाकडेही लग्न निघालं की यादी करायला मला बोलावणं यायचं. तांदूळ किती, पत्रावळी किती, आचारी कोण, मांडवाला माणसं किती, मण्यारीण कुठल्या दिवशी. माझ्या यादीत काही राहून गेलं, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

तिने पहिल्यांदा माझा हात भरला तेव्हा मी तिशीची असेन. बांगड्या भरता भरता दिवाळीच्या सामानाचा हिशोब मनात लावावा म्हणून बसले होते. गूळ, रवा, तेल इथवर आले आणि पुढे काहीच सुचेना. मला माझी पहिली मुलगी आठवली. अकरा दिवस जगलेली. तिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. मी मान वर केली तेव्हा दोन्ही हात भरून झाले होते आणि पदर भिजला होता.

"झालं, बाई," ती म्हणाली. "लई दिस कोंडलं व्हतं जनू."

मला तिचा राग आला. पुढची दोन वर्षं मी साबणवाल्याकडून बांगड्या भरून घेतल्या.

तिची धास्ती बाळगणारी मी एकटीच नव्हते. एका तेल्याची सून तिच्यासमोर बसून उठली ती सरळ माहेरच्या वाटेला लागली, हातातली भाजी तशीच धरून. चार महिने आली नाही. तेव्हापासून पुरुषांची कुजबुज सुरू झाली. ही गाते आणि बायका बिघडतात. पण पुरुषांच्या बोलण्याने बांगड्या भरायच्या थांबत नाहीत. शिवाय बांगड्या भरायला बायका बसल्या की पुरुषाने ओसरीवरून उठून जायचं, ही आमच्याकडची रीत. कितीही तापट असो, त्या बैठकीत पाय ठेवायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे तिचं गाणं बहुतेक पुरुषांनी भिंतीआडूनच ऐकलेलं.

बायकांची धास्ती निराळी होती. तिच्या गाण्यापेक्षा त्या तिच्या गप्प बसण्याला भीत.

काही घरांत ती गात नसे. जायची, बसायची, तोंड शिवल्यासारखी बांगड्या भरायची आणि निघायची. त्या घरातल्या बायकांचे पंजे खरचटून निघत. आणि अशा घरात वर्षाच्या आत वाईट घडतं, अशी बोलवा होती. घोडेगावाकडच्या एका घरची सून आडात सापडली. मंचरच्या एका बाईचं डोकं फिरलं. "तिला आधीच कळतंय," बायका म्हणत. "तिच्या अंगात काय तरी हाय."

मी असलं मानत नाही. मी कागद घेतला आणि ज्या घरांत ती गात नाही असं ऐकिवात होतं त्यांची यादी केली. अकरा घरं निघाली. तीन घरांत काहीच घडलं नव्हतं. मी ती यादी शेजारणींना वाचून दाखवली आणि म्हणाले, "बघा, तीन घरं सुखरूप आहेत."

उरलेल्या आठांकडे माझं लक्ष गेलं नाही, असं नाही. पण आठ घरांचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी कागद घडी घालून डब्यात ठेवला.

आता सगुणाचं सांगते. सगुणा माझी पुतणी. तिचे आईवडील गाठीच्या तापाच्या साथीत, आम्ही गावाबाहेर झोपड्यांत राहत होतो तेव्हा, आठ दिवसांच्या अंतराने गेले. ती माझ्या हाताखाली वाढली. तिच्या बरोबरीच्या मुली कधीच नांदायला गेल्या होत्या, आणि आईबाप नसलेल्या मुलीला स्थळ येत नव्हतं. मग आळे गावाच्या अलीकडच्या एका मळ्यातलं स्थळ आलं. मुलगा बिजवर, पहिली तापाने गेलेली. बारमाही विहीर, मोटेला दोन जोड्या, घरात सासू-सासरे, एक नणंद जवळच दिलेली. मी सगळं लिहून काढलं. एका बाजूला चांगलं, दुसऱ्या बाजूला वाईट. वाईटाच्या बाजूला 'बिजवर' एवढाच एक शब्द होता.

चुडा भरायच्या दिवशी अंगणात बायका जमल्या. पाहुणी म्हणून ती नणंदही आलेली, अगदी सगुणाला लागून बसली होती. मण्यारणीने सगुणाचा हात गुडघ्यावर घेतला. "हात मेल्यावानी सोड, पोरी," म्हणाली. म्हाताऱ्या ओरडल्या, सगळ्या हसल्या. ती गुणगुणायला लागली आणि मध्येच सहज विचारलं, "कुठं दिली म्हनायची लेक?"

मी मळ्याचं नाव सांगितलं.

तिचं गुणगुणणं थांबलं. तिने एकवार नणंदेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पुढचा सगळा चुडा तिने एक शब्द न बोलता भरला. सगुणाचा हात आखडला. एक बांगडी गेली. मग दुसरी. तिसरी गेली तेव्हा सगुणाच्या अंगठ्याखाली रक्ताचा थेंब आला. नवरीच्या चुड्यातल्या बांगड्या! कुणी 'फुटली' म्हणेना. 'वाढली, वाढली' असं पुटपुटत बायका एकमेकींकडे बघत होत्या.

"गा की गं बाई!" एक म्हातारी रडकुंडीला येऊन म्हणाली. "पोरीच्या चुड्याला तरी गा!"

मण्यारीण गायली नाही.

मी उठले. "काच आहे, फुटायचीच," म्हणाले आणि तुकडे केरसुणीने गोळा केले. मला त्या दिवशी अजून पन्नास कामं होती.

ती निघाली तेव्हा मी दारापर्यंत गेले. नणंद चार पावलांवर उभीच होती. मण्यारणीने टोपली डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, पोरीसंगं बांगड्या जास्त द्या. त्या घरला लई लागत्यात."

मला वाटलं, गिऱ्हाईक बघून माल खपवते आहे. तरीही सूचना कामाची होती. मळा गावापासून दूर, मण्यारीण कितीदा जाणार? मी यादी काढली आणि रुखवताच्या खाली लिहिलं: हिरव्या बांगड्या, जादा, चार डझन. मण्यारणीकडूनच घेतल्या. देताना तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मी डझन मोजत होते.

त्या वैशाखात सगुणा सासरी गेली. आषाढात येईल म्हणाले, आली नाही. दिवाळसणाला शेताची कामं निघाली. मार्गशीर्षात आळ्याकडचा एक गाडीवान दुकानात जोंधळा घालायला आला आणि निरोप देऊन गेला, "तुमच्या सगुणानं सांगितलंय, बांगड्या संपल्या. लवकर पाठवा. रिकाम्या हातानं बरं दिसत न्हाई म्हनून सासू वरडती."

मी लगेच वही काढली, किती पाठवायच्या ते बघायला. चुड्याच्या दोन डझन. जादा चार डझन. सात महिने. आमच्या घरात तेव्हा आम्ही पाच बायका. सणवार धरून वर्षाला आम्हा पाचजणींना मिळून जेवढ्या लागत, त्यापेक्षा या जास्त होत्या.

मी तो आकडा पाहत बसले. धुणं धुताना एखादी जाते. दळताना एखादी जाते. सहा डझन कशाने जातात?

डब्यातली ती घडी घातलेली यादी काढून मी तशीच मण्यारआळीत गेले. तिच्या घरी त्याआधी कधी गेले नव्हते. ती माळा ओवत बसली होती. मी विचारलं, "पहिली तापाने गेली?"

"त्या घरी पंधरा दिसांनी जाया लागायचं मला," ती म्हणाली. "पैल्या सुनंला. बसा, बाई."

"मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"नणंद मांडीला मांडी लावून बसली व्हती. मी बोलले आसते आन् तुमी लगीन मोडलं नसतं, तर ते समदं पोरीच्या अंगावर निघालं आसतं." तिने माळेची गाठ मारली. "तुमाला सांगितलं की दारात. तुमी यादीत लिवलं."

मी डब्यातली यादी तिच्यासमोर उलगडली. "आणि या घरांत गात का नाहीस?"

"गायलं की बाई रडती. रडली की बोलती. आन् भिताडापल्याड कोन तरी आईकत आसतं. मी टोपली उचलून जाते निघून, भोगायचं तिला. म्हनून तसल्या घरी मी त्वांड उघडत न्हाई." मग म्हणाली, "बायका म्हनत्यात मला आधीच कळतं. मला कसलं कळतंय? किती फुटल्या ते मला ठावं आसतं, बस."

दुसऱ्या दिवशी छकडा जुंपला. घरी यांना सांगितलं, सगुणाला बांगड्या पोचवून येते. "मण्यारीण जाईल की," हे म्हणाले. मी म्हणाले, "माप मला माहीत आहे." मण्यारणीला वाटेत छकड्यात घेतलं आणि नारायणगावात मामेबहिणीकडे मुक्काम करून तिसऱ्या प्रहराच्या आत मळ्यावर पोचलो. छकडा बाभळीच्या रांगेमागे सोडायला मण्यारणीने सांगितलं. का, ते मी विचारलं नाही.

मळ्यात घर एकटंच. मागे गोठा, पुढे ओसरी, आणि शंभरेक पावलांवर विहीर. मोट चालू होती. चाकाचा करकर आवाज, मग पाणी थारोळ्यात पडल्याचा आवाज, मग पुन्हा करकर. "नवरा इहिरीवर हाय," मण्यारीण हळूच म्हणाली. "चाक वाजतंय तवर त्यो तिथंच हाय. कान तिकडं ठिवा."

सासरा ओसरीवर होता. टोपली पाहून रिवाजाप्रमाणे उठला आणि गोफण घेऊन पाखरं हाकायला जोंधळ्यात गेला. सासू बाहेर आली. हाडकुळी, ताठ, तोंडावर कसलाही भाव नसलेली बाई. तिच्या मागे सगुणा. अंगावर काही दिसत नव्हतं. फक्त उजवा हात तिने पदराखाली धरला होता आणि मला पाहून ती हसली नाही, रडली नाही, "बसा, काकू," एवढंच म्हणाली. घरी आलेल्या परक्या बाईला म्हणावं तसं.

"आधी पोरीचा हात घ्या," सासू म्हणाली.

"आधी थोरलीचा," मण्यारीण म्हणाली. "म्होरं या, सासूबाई. हात मेल्यावानी सोडा."

आणि ज्या घरात तिने आयुष्यात तोंड उघडलं नव्हतं त्या घरात ती गायला लागली.

मी तिला इतक्या वर्षांत अनेकदा ऐकलं होतं. त्या दिवशीसारखं नाही. घशातलं गुणगुणणं नाही, काही नाही. पहिल्या शब्दापासून आवाज भरलेला. मोटेच्या चाकाशी तिने लय जुळवली. चाक करकरलं की ओळ उचलायची, पाणी पडलं की ओळ सोडायची. मी सगुणाकडे सरकले. या आवाजाखाली बोललेलं हातभरावरही ऐकू गेलं नसतं.

"हात दाखव."

तिने पदर बाजूला केला. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. बांगड्या घातल्या तर सुजेत रुतल्या असत्या.

"चल," मी म्हणाले.

"सासूबाई हायेत." ती आता आमच्यासारखं बोलत नव्हती.

मी सासूकडे पाहिलं. ती ताठ बाई पार ढासळली होती. मान पुढे आलेली, तोंड उघडं, डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली गळत होतं, आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. तिचा पंजा मण्यारणीच्या गुडघ्यावर खरोखरच मेल्यासारखा पडला होता. त्या मनगटाचं हाड एका बाजूला बाहेर आलेलं होतं. कधीतरी मोडून वाकडं सांधलं गेलेलं. मण्यारीण गाता गाता त्याच हाडावरून अंगठा फिरवत होती.

सासूने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही ओरडणार.

"न्या," ती म्हणाली. ओठच हलले. "गोठ्यातनं न्या. ह्या घरचं लेनं हाय त्ये, माज्या बी हातात हाय. न्या तिला."

तेवढ्यात विहिरीचं चाक थांबलं.

मण्यारणीने ओळ तोडली नाही. चाकाची लय गेली तर तिने स्वतःची धरली, आवाज आणखी चढवला आणि सासूच्या हातात भरलेली बांगडी काढून पुन्हा चढवायला घेतली. माझ्याकडे पाहून तिने फक्त भुवईने दाराकडे खूण केली. मला कळलं. बांगड्या भरणं चालू आहे तोवर तो ओसरीवर येणार नाही. आणि भरणं चालू आहे हे त्याला कळायचं ते गाण्यावरूनच.

आम्ही गोठ्यातून निघालो. बैलांच्या रिकाम्या दावणीला पाय अडकून सगुणा पडली. मी तिला दंडाला धरून ओढली. बाभळीपर्यंत पोचलो, छकड्यात बसलो, रस्त्याला लागलो, तरी तो आवाज येतच होता. सगुणा कानांवर हात ठेवून बसली होती. पुढे खडकाळ वाट लागली आणि चाकांच्या खडखडाटात तो बुडाला. थांबला की बुडाला, ते मला अजून सांगता येत नाही.

मण्यारीण तिसऱ्या दिवशी पायी परत आली. टोपली नव्हती. गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. मी धावत गेले, नाही नाही ते विचारलं. तिने एकच सांगितलं, "त्यो भिताडापल्याड यिऊन हुबा ऱ्हायला. लई आईकलं त्यानं. मग कट्टाळला." आवाज बसला होता, घोगरा झाला होता. टोपलीचं विचारलं तर हसली. "काच हाय, बाई. फुटायचीच."

सासूचं काय झालं, हे तिने सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं.

त्यानंतर मळ्यावरची माणसं आमच्या दारात आली, आरडाओरडा झाला, पंच बसले. सगुणाने पंचांसमोर पदर बाजूला करून हात पुढे केला आणि त्यातला एकही वर बघेना. सगुणा माझ्याकडे राहिली. तिच्या नवऱ्याने पुढच्या वैशाखात तिसरी केली. तिच्या लग्नाची यादी कुणी केली, मला माहीत नाही.

पण बोलणं थांबलं नाही. आळ्यापासून ओतूरपर्यंत बाजारोबाजार एकच बोलणं होतं. ती मण्यारीण मंतरून गाते, तिच्या आवाजाने बायका घर सोडतात, तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. एकेक दार बंद होत गेलं. रविवारच्या बाजारात तिच्यासमोर बसायला बायका कचरू लागल्या. साबणवाल्यासमोर रांग लागू लागली.

आणि आमच्याच आळीत लग्न निघालं. हिरव्या दाराचं घर. थोरल्या मुलाचं उरकलेलं, आता धाकट्याचं होतं. मी नेहमीप्रमाणे यादी करायला बसले. तांदूळ, पत्रावळी, आचारी. मण्यारीण असं लिहिलं तेव्हा त्या घरच्या थोरल्या बाईंनी माझ्या कागदावर बोट ठेवलं.

"हे नको. आमच्या घरात ती बाई नको. तुमचं तुम्ही बघितलंत, आम्हाला आमच्या सुना नांदवायच्या आहेत."

मी काय बोलायला हवं होतं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. पण घरात सासर सोडून आलेली मुलगी, पेठेत जेवढं बोललं जात होतं तेवढं पुरे झालेलं. मी बोरू शाईत बुडवला आणि ते नाव खोडलं. सरळ, एका रेघेत. वर साबणवाल्याचं नाव लिहिलं.

पुढे सात-आठ लग्नांत मी ते नाव लिहिलंच नाही. खोडायला नको म्हणून.

हिरव्या दाराच्या घरचं लग्न होऊन वर्ष उलटलं तेव्हा एका रविवारी बाजारात तिची जागा रिकामी दिसली. पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी मी मण्यारआळीत गेले. दाराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी लाखेच्या गोळ्या वळत बसली होती. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"यादीवाल्या बाई न्हवं तुमी?"

"हो."

"ती गेली. नगराकडं, भैनीच्यात. हितं कोन भरून घेतंय तिच्याकडनं आता?" तिने लाख चुलीजवळ धरली. "तुमाला निरोप ठिवलाय. म्हनली, त्या येतील, उशिरानं येतील, पर येतील."

मी तिच्याजवळ टेकले.

"तुमच्या आळीत हिरव्या दाराचं घर हाय म्हनं. धाकटी सून नवी आलीय. ती मागल्या दारानं, परड्यातनं, चोरून हिच्याकडनं बांगड्या न्यायची. दर पंधरा दिसांनी. सासूच्या नकळत." म्हातारी लाखेकडे बघत बोलत होती. "म्हनली, आता मी न्हाई, तर यादीवाल्या बाईंना सांगा, तुमी जात जा."

परत येताना शिवनेरीचा कडा उन्हात तापून पांढरा दिसत होता. भर दुपार, आळीत चिटपाखरू नव्हतं. मी वाटेत बाजारातून हिरव्या बांगड्यांची एक माळ घेतली होती. रिकाम्या हाताने कसं जायचं? हिरव्या दाराशी आले. आत कुणीतरी जोराने बोलत होतं, आणि मी पायरी चढताच ते बोलणं थांबलं.

मला गाता येत नाही. मी कडी वाजवली.